पस्तीसपैकी तेरा

पस्तीस हा आकडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेत पस्तीस म्हणजे काठावर पास. इंजिनीअरिंगला आल्यावर काठ चाळीसवर सरकतो आणि आपण पाण्यात जातो, ही गोष्ट वेगळी! पण मागच्या वर्षी मला पस्तीसपैकी तेरा पडले, आणि ते एम-थ्री किंवा कंट्रोल सिस्टिममध्ये पडले नाहीत. ते पडले आयुष्यात.

सांगतो. तेव्हा मी वायडीचं वर्ष घरी काढून नुकताच परत आलो होतो. वायडी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या नशिबाचे आभार मानावेत. बरोबरची पोरं पुढच्या वर्गात गेली आणि मी राहिलेले विषय बॅगेत भरून गावी. आमचे आप्पा एस.टी.त कंडक्टर. वर्षभरात ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच जास्त लागायचं. परत आलो तर रूम पार्टनर ज्युनिअर, मेसमधलं नेहमीचं टेबल दुसऱ्यांचं झालेलं, आणि वर्गात सगळे मला 'दादा' म्हणणारे. अशात पहिल्याच आठवड्यात सेमिनार हॉलमध्ये 'जीवनाचा अर्थ' या विषयावर व्याख्यान झालं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी शेवटी एकेक कागद वाटला. दहा विधानं, प्रत्येकापुढे एक ते सात आकडे. विधान अजिबात लागू नसेल तर एक, पूर्ण लागू असेल तर सात. बेरीज ज्याची त्याने करायची. माझी पाच विधानांची बेरीज आली तेरा आणि उरलेल्या पाचांची एकतीस. पाहुण्यांना बस गाठायची होती, त्यामुळे आकड्यांचा अर्थ सांगायचा राहूनच गेला. शेजारचा म्हणाला, "माझे पहिले अठ्ठावीस. तुझे?" मी कागदाची घडी करून खिशात घातली.

त्या रात्री झोप लागली नाही. वर्ष गेलं ते गेलंच, आता त्याच्यावर शिक्कासुद्धा बसला. बाबा रे, तुझ्या जगण्याला हेतूच नाही, मोजून सिद्ध झालंय! सगळं सोडून गावी जावं असं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी बॅग भरायलाही घेतली होती. पार्टनर म्हणाला, "दादा, आज मेजरमेंटचं प्रॅक्टिकल आहे, तेवढं करून जा. ग्रुपमध्ये दोघंच आहोत, मी एकटा काय करू?" गेलो.

प्रॅक्टिकल होतं थर्मोकपलचं. बीकरमध्ये पाणी उकळत होतं आणि मी वहीत ४.१ च्या जागी ४१ मिलिव्होल्ट लिहून बसलो. सर मागे येऊन उभे. "अरे, के-टाइपला ४१ मिलिव्होल्ट म्हणजे हजार डिग्रीच्या आसपास! बीकर वितळायला पाहिजे एव्हाना. लक्ष कुठंय?" मी काही न बोलता खिशातला कागद काढून दिला. का दिला, आजही सांगता येणार नाही.

सरांनी तो नीट वाचला. मग म्हणाले, "या इन्स्ट्रुमेंटची रेंज किती? हे नक्की काय मोजतं? परत मोजलं तर तेच रीडिंग येतं का? जे मोजायचं नाही ते मध्ये घुसतंय का?" मला एकाचंही उत्तर येईना. "मग रीडिंग बघून रडतोस कशाला? आधी मॅन्युअल वाच."

हा लेख म्हणजे ते मॅन्युअल. जमेल तसं वाचलेलं, सोप्या भाषेत मांडलेलं.

हे मोजायचं खूळ आलं कुठून?

या गोष्टीची सुरुवात व्हिएन्नात होते. व्हिक्टर फ्रँकल हे तिथले मनोविकारतज्ज्ञ, जन्म १९०५ चा. ज्यू असल्यामुळे १९४२ मध्ये नाझींनी त्यांना छळछावणीत धाडलं. १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत ते चार छावण्यांमधून गेले. आई, वडील, भाऊ आणि पत्नी, सगळे त्या काळात गेले. माणसाला सुखापेक्षा किंवा सत्तेपेक्षा अर्थाची भूक मोठी असते, आणि ती भागली नाही की मन आजारी पडू शकतं, हा विचार ते छावणीत जाण्यापूर्वीच मांडत होते. छावणीतल्या अनुभवांवरचं त्यांचं पुस्तक १९४६ मध्ये आलं. इंग्रजीत ते 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' या नावाने जगभर गेलं.

विचार मोठा, पण त्याला युनिट काय? 'भूक' किती आहे हे कळणार कसं? ते काम अमेरिकेतल्या जेम्स क्रम्बॉ आणि लिओनार्ड माहोलिक या दोघांनी अंगावर घेतलं. १९६४ मध्ये त्यांनी 'परपज इन लाइफ' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते सात गुण, म्हणजे कमीत कमी वीस आणि जास्तीत जास्त एकशे चाळीस. पुढे क्रम्बॉंनी रेघाही आखून दिल्या. ११२ च्या वर गेलात तर आयुष्याला निश्चित हेतू आहे, ९२ च्या खाली असाल तर स्पष्ट हेतूचा अभाव आहे, आणि मधले सगळे अधांतरी. म्हणजे थोडक्यात डिस्टिंक्शन, नापास आणि एटीकेटी!

ही चाचणी खूप वापरली गेली. निष्कर्ष असा निघायचा की ज्यांचे गुण जास्त त्यांच्यात नैराश्य कमी आणि समाधान जास्त. वाचून बरं वाटतं. पण इथेच सरांचा चौथा प्रश्न आठवला. जे मोजायचं नाही ते मध्ये घुसतंय का?

घुसत होतं. त्या वीस प्रश्नांमध्ये हेतूबद्दलचे प्रश्न होते, तसेच कंटाळा येतो की उत्साह वाटतो, रोजचा दिवस कसा जातो, जगणं नकोसं वाटतं का, असेही प्रश्न होते. आता उदास माणूस या प्रश्नांना कमीच गुण देणार. मग त्याची 'हेतू' ची बेरीज कमी येणार, आणि आपण म्हणणार, बघा, हेतू नाही म्हणून उदास! आपल्या भाषेत सांगायचं तर हा प्रकार असा आहे: एम-थ्रीचे मार्क आणि सेमिस्टरची एकूण टक्केवारी यांचा सहसंबंध काढायचा आणि मग आश्चर्य करायचं की तो इतका चांगला कसा! अहो, त्या टक्केवारीत एम-थ्रीचे मार्क आधीच मिळवलेले आहेत. टीकाकारांनी या चाचणीवर नेमकं हेच बोट ठेवलं.

१९८९ मध्ये कॅरोल रिफ या अमेरिकन संशोधक बाईंनी दुसऱ्या बाजूने विचार केला. त्यांचं म्हणणं, 'तुम्ही खूश आहात का?' एवढं विचारून माणसाचं बरं चाललंय की नाही ते कळत नाही. मनाच्या स्वास्थ्याचे त्यांनी सहा भाग केले: स्वतःचा स्वीकार, माणसांशी चांगले संबंध, स्वतःच्या विचाराने चालणं, भोवतालची परिस्थिती हाताळता येणं, वाढत राहणं आणि सहावा, जगण्यात हेतू असणं. प्रत्येक भागाची मोजपट्टी वेगळी. त्यामुळे निदान कुठला भाग कमी पडतोय ते दिसायला लागलं. मात्र इथे हेतू हा स्वास्थ्याचाच एक हिस्सा ठरतो. तेव्हा 'हेतूमुळे स्वास्थ्य वाढतं' असं म्हणताना हे विधान आपण व्याख्येतूनच तर आणत नाही ना, हे दरवेळी तपासावं लागतं.

माझ्या खिशातला कागद

आता माझ्या कागदाकडे येऊ. तो निघाला मायकेल स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीचा मराठी अनुवाद. उदासपणा, उत्साह, आनंद असल्या भेसळीचे प्रश्न टाळून फक्त अर्थाबद्दल विचारायचं, हा तिचा हेतू. दहाच विधानं. त्यातली पाच 'असण्या'ची, म्हणजे माझ्या आयुष्याला अर्थ आहे असं मला वाटतं का. उरलेली पाच 'शोधण्या'ची, म्हणजे मी तो शोधतोय का. एक विधान मुद्दाम उलटं घातलेलं असतं. त्याचे गुण आठातून वजा करून घ्यायचे. मी ते केलं होतं का, हे आधी तपासलं. केलं होतं. तेरा ते तेराच! दोन्ही पट्ट्यांची रेंज पाच ते पस्तीस, शून्य नाहीच. म्हणजे सगळ्यात कमी गुण पडलेला माणूससुद्धा पाचावर असतो. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

तिसरा प्रश्न, परत मोजलं तर तेच येतं का? याला विश्वसनीयता म्हणतात. एका पट्टीतली पाचही विधानं एकाच दिशेने ओढतात का, हे पाहणारा एक गुणांक असतो, क्रोनबाख यांचा अल्फा. तो या पट्ट्यांसाठी ०.८ च्या वर आला. चांगला म्हणायचा. पण त्याच विद्यार्थ्यांकडून महिन्याभराने पुन्हा कागद भरून घेतला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या गुणांचा सहसंबंध ०.७ च्या आसपास आला. त्याचा वर्ग करा, ०.४९. म्हणजे महिन्यानंतरच्या गुणांमधला साधारण निम्माच फरक पहिल्या गुणांवरून सांगता येतो. उरलेल्या निम्म्यात खरोखरचा बदल, त्या दिवसाची मनःस्थिती, डोकेदुखी, मेसमधली भाजी, सगळं आलं. शेकडो लोकांचा अभ्यास करायला हे उपकरण छान. पण एका पोराने, वायडीवरून परतल्याच्या पाचव्या दिवशी, एकदाच घेतलेल्या रीडिंगवर बॅग भरावी इतकं ते अचूक नाही. आणि पास-नापास ठरवून रोगाचं निदान करण्यासाठी ते बनवलेलंही नाही.

आता दुसरा प्रश्न, हे नक्की काय मोजतं? इथे मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली. मी तेरा बघत बसलो होतो आणि एकतीसकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मला वाटायचं ज्याच्याकडे अर्थ आहे तो शोधत नाही आणि शोधणाऱ्याकडे अर्थ नसतो. एकाच पट्टीची दोन टोकं. तसं नाही, त्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. दोन्हीवर जास्त गुण असलेली माणसं असतात. २००८ च्या एका अभ्यासात तर अमेरिका आणि जपान यांची तुलना केली गेली. अमेरिकन विद्यार्थ्यांमध्ये शोध जास्त तर 'असणं' कमी असा कल दिसला, जपानी विद्यार्थ्यांमध्ये बरोबर उलटा. तिथे शोधणाऱ्यांनाच अर्थ जास्त गवसलेला होता. म्हणजे शोधणं हे कमतरतेचं लक्षण आहे की जगण्याची एक रीत, हे तुम्ही कुठे वाढलात त्यावरही अवलंबून आहे.

वयाचंही तसंच. स्टेगर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या वयोगटांचा अभ्यास केला. वय वाढतं तसं 'असणं' वाढलेलं दिसलं, आणि शोध तरुणांमध्ये जास्त. शिवाय शोध आणि असमाधान यांची जोडी उतारवयाकडे झुकलेल्या लोकांमध्ये जास्त घट्ट होती, आपल्या वयात सैल. विशीत शोधणं हे वयाला धरून आहे. एकतीस म्हणजे माझं इंजिन चालू होतं, गाडी गिअरमध्ये पडत नव्हती एवढंच.

मग हेतू आणि स्वास्थ्य यांचं नातं खरं की खोटं?

नातं आहे. हे पुन्हा पुन्हा, अनेक देशांत सापडलेलं आहे. प्रश्न आहे दिशेचा, आणि आपण फीडबॅक लूप शिकलेली माणसं, आपल्याला हे कळायला हवं.

जपानमधलं उदाहरण घ्या. तिथे 'इकिगाई' असा शब्द आहे, ज्याच्यासाठी जगावंसं वाटतं ते. तोहोकु विद्यापीठाच्या संशोधकांनी ओसाकी भागातल्या चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या ४३,३९१ लोकांना एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? मग सात वर्षं वाट पाहिली. त्या काळात ३,०४८ लोक वारले. २००८ मध्ये निकाल छापून आला. 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 'आहे' म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये हा फरक दिसला, कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये दिसला नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? जे आजारी होते, बेकार होते, एकटे होते, त्यांनीच 'नाही' म्हटलं असणार आणि तेच आधी गेले असणार. अगदी बरोबर शंका! 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये अविवाहित, बेरोजगार, अंगदुखीने त्रासलेले लोक खरंच जास्त होते. संशोधकांनी अशा गोष्टींचा परिणाम गणिताने बाजूला काढला आणि तो दीडपटीचा आकडा त्यानंतर उरलेला आहे. पण गणित फक्त मोजलेल्या गोष्टी बाजूला काढू शकतं. जे मोजलंच नाही ते आत राहतं.

अमेरिकेत पॅट्रिक हिल आणि निकोलस टुरियानो यांनी २०१४ मध्ये असाच अभ्यास मांडला. सहा हजारांहून जास्त लोक, चौदा वर्षांचा पाठपुरावा, त्यात ५६९ मृत्यू. ज्यांचा हेतू बळकट ते जास्त जगले. यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की हा फायदा फक्त म्हाताऱ्यांपुरता नव्हता, तरुण आणि मध्यमवयीन माणसांमध्येही तो दिसला. आणि आनंदी वृत्ती, माणसांशी चांगले संबंध या गोष्टी हिशेबात धरल्यावरही तो टिकला. पुढे २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ६,९८५ अमेरिकनांच्या अभ्यासातही त्याच दिशेचं उत्तर आलं.

आता लूपची दुसरी बाजू. २००६ मध्ये लॉरा किंग आणि सहकाऱ्यांनी उलटी तार तपासली. लोकांची मनःस्थिती आधी थोडी सुधारली आणि मग आयुष्याला अर्थ आहे का असं विचारलं, तर गुण वाढले! म्हणजे हेतू असला की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की हेतू असल्यासारखं वाटतं. त्याहून गमतीचा त्याच गटाचा २०१३ चा प्रयोग. लोकांना झाडांचे फोटो दाखवले. काहींना ऋतूंच्या क्रमाने, काहींना कसेही पिसून. क्रमाने पाहणाऱ्यांनी स्वतःच्या आयुष्याला जास्त अर्थ असल्याचं सांगितलं. निव्वळ फोटोंच्या क्रमाने! २०१६ मध्ये फ्रँक मार्टेला आणि स्टेगर यांनी या क्षेत्रातला गोंधळ निस्तरताना म्हटलं की 'अर्थ' या शब्दाच्या पोटात तीन गोष्टी आहेत: जगणं सुसंगत वाटणं, पुढे जाण्याला दिशा असणं, आणि आपलं असणं मोलाचं वाटणं. झाडांचे फोटो यातल्या पहिल्या गोष्टीला हात घालतात.

हे वाचलं आणि मी थांबलो. माझं काय बिघडलं होतं ते दिसलं. वायडीच्या वर्षात माझी दिशा हरवली होती असं मी धरून चाललो होतो. पण मला इंजिनीअर व्हायचं होतं, ते तसंच होतं. मोडला होता तो क्रम. दुपारी बाराला उठणं, जेवण कधीही, अभ्यास रात्री तीनला. आणि तिसरी गोष्ट, आपण कुणाच्या उपयोगाचे आहोत ही जाणीव, ती तर पार आटली होती. एका आकड्यात तीन वेगवेगळे सिग्नल मिसळले होते आणि मी त्याला एकच नाव दिलं होतं, 'हेतू नाही'.

टाकीची गोष्ट

क्रमाचं काम सोपं होतं, निदान सांगायला. साडेसहाला उठायचं, मेसच्या वेळा पाळायच्या. पार्टनर झोपेतून ओढून काढायला होताच.

तिसरी गोष्ट टाकीमुळे झाली. आमच्या विंगची वरची टाकी रोज पहाटे ओसंडून वाहायची आणि आठ वाजता नळाला पाणी नसायचं. जुन्या लोकांना आठवत असेल. रेक्टर सरांची परवानगी काढली, फ्लोट स्विच आणि रिले आणले, आणि कंट्रोलर बसवला. पंपाच्या बाजूची जोडणी इलेक्ट्रिशियन काकांनी केली. पहिल्या दिवशी फजिती! पाणी पडताना टाकीत लाटा उठायच्या आणि रिले खटखट-खटखट चालू-बंद होत राहायचा. अख्खी विंग शिव्या देत जागी झाली. मग अक्कल आली, वर एक आणि खाली एक असे दोन फ्लोट पाहिजेत, मध्ये हिस्टेरेसिस पाहिजे. पुस्तकात तीन वेळा वाचलेला शब्द टाकीवर उन्हात बसल्यावर समजला. त्यानंतर टाकी वाहिली नाही. एके सकाळी मेसच्या मावशी म्हणाल्या, "ते पाण्याचं तू केलंस ना? बरं झालं बाबा, भांडी वेळेवर होतात." त्या दिवशी मी एक चपाती जास्त खाल्ली.

विल्यम डेमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तरुणांमधल्या हेतूची जी व्याख्या केली तिच्यात दोन अटी आहेत. ती गोष्ट स्वतःला अर्थपूर्ण वाटली पाहिजे आणि आपल्या पलीकडच्या जगालाही तिचा काही उपयोग झाला पाहिजे. शिवाय ती टिकाऊ हवी. एक टाकी म्हणजे काही जीवनहेतू नव्हे, मला माहीत आहे. पण दुसरी अट काय असते ते तिने चाखवलं.

तीन महिन्यांनी मी तोच कागद पुन्हा भरला. 'असणं' अठरा, 'शोधणं' एकोणतीस. नाचत सरांकडे गेलो. सर म्हणाले, "पाचने वाढलं, छान. पण रिपीटेबिलिटी ०.७ म्हणतोस ना? मग गुलाल जपून उधळ." मी जपूनच उधळतोय.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, खास करून हॉस्टेलवरच्या मित्रमैत्रिणींना. हेतू सापडत नाही ही वेगळी गोष्ट, आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, नसलेलं बरं असं वाटतंय, ही वेगळी. दुसऱ्या प्रकारात प्रश्नावल्या भरत बसू नका आणि टाक्याही दुरुस्त करू नका. रेक्टर, वर्गशिक्षक, डॉक्टर, जो जवळ असेल त्याला सांगा. 'टेली-मानस' ही सरकारची मोफत सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. आणि शेजारच्या खोलीतला कुणी बॅग भरत असेल तर त्याला प्रॅक्टिकलचं कारण काढून थांबवा. मला तसंच थांबवलं होतं.

शेवटी आप्पांची गोष्ट. दिवाळीत घरी गेलो तेव्हा सहज गंमत म्हणून त्यांना ती विधानं वाचून दाखवली. पहिल्यालाच अडले. "अर्थ म्हणजे काय रे? पैसा?" मी म्हटलं हेतू. म्हणाले, "हेतू तर मनात काळंबेरं असणाऱ्यांचा असतो." उद्देश म्हटलं तर म्हणाले, हे शाळेच्या वहीतलं. तेव्हा कळलं की प्रश्नावलीचा अनुवाद करणं म्हणजे सेन्सर बदलणं. शब्द बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. मग साधं विचारलं, "आप्पा, तुम्ही रोज कशासाठी उठता?"

"साडेपाचची गाडी असते," ते म्हणाले. "वाटेत तीन गावची पोरं शाळेला जायला उभी असतात. गाडी वेळेवर सुटली पाहिजे."

तरी त्यांनी दहाही विधानांना आकडे दिले. 'असण्या'ची बेरीज आली वीस, कारण स्वतःला चाराच्या वर गुण द्यायला ते कुठेच तयार नव्हते. "किती पडले मला?" त्यांनी विचारलं.

"वीस. पण आप्पा, यात पास-नापास नसतं."

"बरं आहे. तुला किती पडले होते?"

"तेरा," मी म्हणालो. "वायडीवरून परत गेलो तेव्हा."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंस."